लोणार नीट पाहायचं तर: आधी तळं, मग देऊळ, आणि उन्हाच्या आत वर

लोणारला येणारी निम्मी माणसं तळं वरूनच पाहून परततात. दुपारी बाराला गाडी कड्याला लागते, कठड्याशी उभं राहून फोटो निघतात, गावात दैत्यसूदनाच्या देवळात पाच मिनिटं जातात आणि गाडी शेगावच्या रस्त्याला लागते. उरलेल्यांतले बरेच दुपारी एकला खाली उतरतात आणि तीनच्या उन्हात वर चढताना पायरीपायरीला बसतात. दोन्हीतही दोष जागेचा नाही, क्रमाचा आहे. डोंगरावर गेलं की आधी चढ आणि दमल्यावर उतार असतो. इथे उलटं आहे. उतरताना काही वाटत नाही, चढ शेवटी येतो, आणि तोवर ऊन डोक्यावर असतं. पुढचं सगळं नियोजन या एका गोष्टीभोवती आहे.

आधी जागा समजून घ्या

लोणारचं विवर उल्कापाताने झालेलं आहे. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आणि कड्यापासून पाण्यापर्यंतची खोली साधारण १३७ मीटर. घरच्या जिन्याच्या पायऱ्यांनी हिशोब केला तर साडेसातशे पायऱ्या भरतात. तेवढं उतरायचं आणि तेवढंच चढायचं. कड्याचा घेर पावणेसहा किलोमीटरच्या आसपास आहे.

अख्खा दख्खन ज्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा, त्यातच हे विवर पडलं आहे. बेसॉल्टमधली अशी विवरं जगात मोजकीच. म्हणून दगडाकडे लक्ष द्या. आपल्याकडे डोंगराच्या कापात लाव्हाचे थर आडवे दिसतात, एकावर एक चटया रचल्यासारखे. लोणारच्या कड्यापाशी तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. आतून जोराचा दणका बसून काठ उचलला गेला, त्याचीच ही खूण. वाटेत थांबून एकदा हे पाहिलं की विवर नुसता खड्डा वाटत नाही.

वयाबद्दल दोन आकडे वाचायला मिळतील. जुन्या मोजणीत ५२ हजार वर्षं येतात, तर २०१० च्या सुमारास झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार. दोन पाट्यांवर दोन आकडे दिसले तर छपाईची चूक समजू नका.

ब्रिटिश अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या तळ्याची नोंद केली, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण काठावरची देवळं त्याच्याआधी कितीतरी शतकं उभी होती, आणि अकबराच्या काळातल्या नोंदींतही इथल्या खाराचा, काच आणि साबणासाठी लागणाऱ्या मालाचा उल्लेख येतो. ‘शोध लावला’ हा शब्द जपून वापरावा.

विवराचा भाग वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम ३.६५ चौरस किलोमीटर, पण नियम मोठ्या अभयारण्याचेच. नोव्हेंबर २०२० मध्ये तळ्याला रामसर पाणथळ स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं. म्हणजे खाली वन विभागाचा कायदा चालतो आणि गावातल्या देवळात पुरातत्त्व विभागाचा. परवानगी कुणाकडे मागायची, हे त्यावरून ठरतं.

कधी जायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. हिवाळ्यात पक्षी असतात, हवा स्वच्छ असते आणि चढ सुसह्य होतो. पावसाळ्यात विवर हिरवंगार दिसतं, पण वाटेवरचा दगड शेवाळतो, आणि काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की दहा पावलांत प्रत्येक पाय किलोभर जड होतो. पावसाळ्यात आलात तर कडा, कड्यावरची गोमुखाची धार आणि देवळं पाहा. उतरायचं की नाही ते फाटकावरच्या वनरक्षकाला विचारून ठरवा.

एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या माणसाला ऊन शिकवायला नको. तरी एक सांगावं लागतं: विवराच्या आत वारा पडलेला असतो आणि चारी बाजूंचा काळा दगड तापतो, त्यामुळे खाली उकाडा वरच्यापेक्षा जास्त जाणवतो. मेच्या मध्यात दैत्यसूदनाच्या मूर्तीवर सूर्यकिरण पडतात, ते पाहायला लोक मुद्दाम येतात. त्यासाठी आलात तर देऊळच पाहा, उतरण्याचा हट्ट धरू नका.

नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला खाली मोठी गर्दी असते. दर्शनासाठी यायचं तर तेव्हाच यावं. पक्षी आणि शांतता हवी असेल तर ते नऊ दिवस सोडा.

कसं पोचायचं

नागपूर, वर्धा, अमरावतीकडून येणाऱ्यांना समृद्धी महामार्गाने मेहकरला उतरणं सोपं. तिथून लोणार पंचवीसेक किलोमीटर. नागपूरहून चार-साडेचार तास धरा. दुचाकीला समृद्धीवर बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकलवाल्यांनी जुनाच रस्ता धरायचा. वाशिमकडून रिसोडमार्गे यावं. शेगावहून खामगाव-मेहकरमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पडतं. सकाळी गजानन महाराजांचं दर्शन आणि दुपारी लोणार असा बेत पुष्कळजण करतात आणि नेमके भर उन्हात कड्यावर पोचतात. त्यापेक्षा दर्शन आदल्या दिवशी घ्या आणि मुक्कामाला लोणार गाठा.

रेल्वेने येणाऱ्यांना जालना हे सोयीचं स्टेशन. तिथून पुढे ८०-९० किलोमीटर रस्ता आहे. एसटी मेहकरहून मिळते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून घ्या. संध्याकाळी विचाराल तेव्हा ती बहुधा गेलेली असते.

मुक्काम लोणारलाच करा. कड्याजवळ पर्यटन महामंडळाचं निवास आहे, गावात साधे लॉज आहेत. मेहकरला राहिलात तर पहाटे निघणं आलं, आणि कुटुंबासोबत पहाटे निघणं म्हणजे साडेआठ.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी. खाली विकत मिळेल या भरवशावर उतरू नका. मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी वेगळ्या बाटलीत, ते चढताना लागतं. गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की. टोपी किंवा डोक्याला बांधायला दुपट्टा. मागून पट्टा नसलेली चप्पल नको. दगडी उतारावर ती पायातून निसटते आणि माणूस पाठीवर येतो. तळ खरखरीत असलेले बूट घाला. बॅटरी घ्या, मोबाईलची चालेल, पण चार्ज असलेली. पायमोजे पिशवीत ठेवा, त्याचं कारण देवळापाशी कळेल. दुर्बीण असेल तर उत्तम.

आणि एक वहीचा कागद. आदल्या रात्री हळदीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवायचा आणि बोटभर पट्ट्या कापायच्या. सोबत मुलं असतील तर ही तयारी चुकवू नका.

पहाट: कड्यावरून खाली

साडेसहाच्या सुमारास, म्हणजे उजाडताच, फाटकापाशी पोचा. प्रवेशाची वेळ, शुल्क आणि त्या दिवशी कोणती वाट चालू आहे, हे आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवलेलं बरं. तळ्याचं पाणी वाढलं की काठाकाठाची पायवाट बुडते, मग नेहमीची फेरी होत नाही. वाटाड्या जरूर घ्या. देवळं झाडीत विखुरलेली आहेत, वाटांना फाटे फार, आणि खाली मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

गावाच्या बाजूच्या कड्यावर सकाळी सूर्य पाठीशी असतो. तळ्याचा फोटो तेव्हाच काढून घ्या.

उतरायला ३५ ते ४५ मिनिटं लागतात. घाई करू नका. बहुतेकांचा गुडघा उतरताना दुखावतो आणि कळतं चढताना. पाऊल आडवं टाका आणि सुट्या खडीऐवजी पक्क्या दगडावर टाका. वरच्या भागात सागाची आणि पानगळीची झाडी आहे, खाली पाण्याजवळ बाभळी. विलायती बाभूळ इथेही घुसली आहे आणि वन विभाग ती काढत असतो. तोडलेली झाडं दिसली तर लगेच जंगलतोडीचा व्हिडिओ करू नका. तिचा काटा चपलेचा तळ सहज भेदतो.

आवाज न करता उतरलात तर मोर हमखास दिसतात. वानरांच्या टोळ्या असतात, आणि त्यांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखू येतो. खाणं पाठपिशवीच्या आत, चेन लावून ठेवा. अभयारण्यात १६० जातींचे पक्षी नोंदले आहेत. पाण्यावर टिबुकली, शेकाट्या, हिवाळ्यात चक्रवाक. झाडीत नीळकंठ आणि नशिबात असेल तर स्वर्गीय नर्तक. रोहित पक्षी अधूनमधून येतात, ते दिसतील म्हणून कुणाला वचन देऊ नका.

मोठ्या झाडांवर आणि देवळांच्या शिखरांवर आग्या मोहळ असू शकतं. अत्तर, उदबत्ती, विडी यातलं काहीही तिथे नको. पडक्या देवळाच्या फटीत हात घालू नका. थंड दगडात सापाला बरं वाटतं.

पाण्याशी

काठावर पोचण्याआधी वास येतो, सडक्या अंड्यासारखा. पाण्यातलं शेवाळ कुजल्याने निघणारा तो वायू आहे. काहींना मळमळतं, अशांनी जरा वारा येतो त्या बाजूला उभं राहावं.

पाणी खारट तर आहेच, त्याहून जास्त ते अल्कधर्मी आहे. त्याचा सामू, म्हणजे पीएच, १० च्या आसपास असतो. मासे यात जगत नाहीत, पण स्पिरुलिना नावाचं सूक्ष्म शेवाळ माजतं आणि त्यानेच पाणी हिरवं दिसतं. जून २०२० मध्ये ते गुलाबी झालं होतं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं. पुढे रंग परत बदलला. गुलाबी तळं पाहायला म्हणून निघू नका.

आता ती हळदीची पट्टी काढा. टोक पाण्याला लावलं की पिवळ्याचं तांबडं होतं. हळदीत चुना कालवल्यावर होतं तेच. मोठ्या माणसांना सामू समजावण्यात अर्धा तास जातो, पोरांना हे दोन सेकंदांत कळतं. पट्टी परत खिशात टाका. बाटलीत पाणी भरून घेऊ नका. अभयारण्यातून पाणी, माती, दगड काहीच न्यायचं नाही.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती चिखलाची. काठावर खाराची पांढरट पपडी धरलेली असते. दिसायला टणक, पण खाली लोण्यासारखा गाळ. पाय घोट्यापर्यंत आत जातो, ओढताना बूट आतच राहतो, आणि तोल गेला तर हात टेकायलाही गाळच. पपडीला तडे दिसले, की तिथून अलीकडेच थांबायचं. पट्टी बुडवायची तीही दगड असेल तिथेच आणि वाटाड्या दाखवेल तिथेच. पाणी डोळ्यांत गेलं तर चरचरतं, प्यायच्या पाण्याने लगेच धुवा. पोहायचा तर विचारच नको.

काठच्या मातीवर लोहचुंबक फिरवला की काळे कण चिकटतात, आणि वाटाडे ते ‘उल्केचं लोखंड’ म्हणून दाखवतात. खेळ गमतीचा आहे, पण बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतंच. तुमच्या शेताजवळच्या नाल्यातल्या वाळूतही असेच कण सापडतील. उल्कापाताचा खरा पुरावा भिंगाखाली दिसतो, प्रचंड दाबाने काचेसारख्या झालेल्या खनिजांत.

काठाजवळच कमळजा देवीचं मंदिर आहे. दर्शन घ्या आणि सावलीत वीस मिनिटं बसा. पाणी बरंच उतरलेलं असेल तर जवळची सासू-सुनेची विहीर दिसते. एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारं. गोडं सासूचं की सुनेचं, यावर वाटाड्याशी वाद घालायला हरकत नाही. रामगया आणि झाडीतली बाकीची देवळं वाट चालू असेल तशी करा. सगळी करायचा अट्टाहास नको. बरीचशी पडकी आहेत आणि दोन नीट पाहिली तरी पुरे.

साडेनऊला परत फिरायचं. फोटो राहिले असले तरी. चढायला तासभर धरा, म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर दीड. वीस पावलं चालून उभं राहायचं, बसायचं नाही. बसलं की पाय जड होतात. पाणी घोट घोट. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला किंवा मळमळलं, तर तो थकवा नव्हे, ऊन लागतंय. सावलीत निजवा, मानेवर आणि काखेत ओला दुपट्टा ठेवा आणि वर निरोप पाठवा.

ज्यांना चढ झेपणार नाही त्यांनी खाली उतरूच नये. कड्यावर गावाच्या अंगाला धार आहे. गोमुखातून बारमाही पाणी पडतं, भोवती कुंड आणि जुनी देवळं आहेत. तिथवर पोचायला विवर उतरावं लागत नाही, आणि तळंही दिसतं. त्या पाण्याला श्रद्धेने हात जोडा, पिण्यासाठी मात्र बाटलीतलंच वापरा.

दैत्यसूदन

वर येऊन पोहे-चहा घ्या, थोडं आडवं व्हा, आणि मग गावातल्या दैत्यसूदनाच्या देवळात या. कथा अशी की लवणासुर इथे बिळात राहायचा. विष्णूने बिळाचं झाकण अंगठ्याने उडवलं आणि त्याला मारलं. ते झाकण ढाकेफळला जाऊन पडलं म्हणतात. विवर पाहून आल्यावर ही कथा ऐकली की वाटतं, ज्याने ती रचली त्याने जमीन नीट पाहिली होती.

चपला बाहेर काढायच्या. दुपारी फरशी तव्यासारखी तापते, पायमोजे त्यासाठी. आधी देवळाला बाहेरून पूर्ण फेरी मारा. भिंत सरळ नाही, कोन आत-बाहेर करत चांदणीसारखी फिरते, आणि त्या प्रत्येक कोनावर मूर्ती. काही शिल्पं शृंगारिक आहेत. शाळेची सहल असेल तर गुरुजींनी आधी एक फेरी मारून ठेवलेली बरी. वर शिखर अपुरं आहे. असं देऊळ दिसलं की आपण सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो, पण हेमाद्री हा यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री, आणि ही बांधणी त्याच्या आधीपासून चालत आलेली.

आत अंधार असतो. नमस्कार करून लोक बाहेर पडतात आणि छत राहून जातं, आणि खरी गंमत तर छतात आहे. बॅटरी सरळ वर मारू नका. तशी मारली की दगड सपाट दिसतो. हात लांब करून उजेड बाजूने, तिरका पाडा. मग सावल्या पडतात आणि आकृत्या उठून येतात: हिरण्यकशिपूला मांडीवर घेतलेला नरसिंह, कृष्ण आणि कंस, लवणासुराचा वध. मान दुखेल म्हणून आळीपाळीने एकाने उजेड धरायचा, दुसऱ्याने पाहायचं. अर्धा तास द्या. तिवई लावून फोटो काढायचे असतील तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, आणि ड्रोन तर अभयारण्यातही विनापरवाना चालत नाही.

चारनंतर अंबर तळ्याकडे जा. मुख्य तळ्यापासून पाऊण किलोमीटरवरचा हा छोटा खोलगट भाग. तोही उल्केच्या तुकड्याने झाला की नाही, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तिथेच मोठा मारुती आहे, निजलेल्या अवस्थेतला.

दुसरा दिवस असेल तर

सिंदखेडराजा लोणारहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान (१२ जानेवारी १५९८), रंगमहाल, काळा कोट, मोती तलाव आणि बाजूला जुनं नीलकंठेश्वर. तीन तास पुरतात. वाड्याच्या दरवाज्यातून घाईने आत शिरू नका. आधी मागे जाऊन त्याची उंची पाहा. लखुजीराजे आणि त्यांची मुलं १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशाही दरबारात मारली गेली. त्यांची समाधी इथेच आहे आणि ती अवाढव्य आहे. जून २०२४ मध्ये या समाधीच्या दुरुस्तीच्या कामात जवळच खोदताना १.७० मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली.

१२ जानेवारीला इथे लाखोंची गर्दी असते. त्या दिवशी यायचं तर गाडी गावाबाहेर लावून चालायची तयारी ठेवा. वाडा शांतपणे पाहायचा असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात या. मेहकरवरून परतणाऱ्यांनी तिथे बालाजी मंदिरात अर्धा तास थांबावं. १८८८ मध्ये जमिनीतून निघालेली शार्ङ्गधराची काळ्या पाषाणाची मूर्ती तिथे आहे. समृद्धीवर चढण्याआधी गावातच टाकी भरून घ्या आणि टायरची हवा तपासा. दुपारच्या उन्हात त्या सिमेंटच्या रस्त्यावर झिजलेला टायर फुटायला वेळ लागत नाही.